मासळीबाजारातून गव्हर्नरपदापर्यंत : आल्फ्रेड स्मिथ यांचे जीवन

न्यूयॉर्क शहरात दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात तेथील कॅथलिक महाधर्मप्रांताच्या आश्रयाखाली एक मोठी मेजवानी होते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक असलेल्या वर्षी दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार बहुधा या मेजवानीला येतात, एका पंक्तीला बसतात, परस्परांची आणि स्वतःचीही थट्टा करतात आणि जमलेला निधी गरजूंच्या सेवेसाठी दिला जातो. वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून या सोहळ्याची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. परंतु ही मेजवानी ज्यांच्या नावाने भरते, ते आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ कोण होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. शाळेची आठवी इयत्ताही पूर्ण न केलेला हा मनुष्य बारा वर्षे राज्याच्या विधिमंडळात बसला, चार वेळा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला आणि त्याने त्या राज्याच्या कारभाराची घडीच नव्याने बसवली. अमेरिकेतील एखाद्या प्रमुख पक्षाने अध्यक्षपदासाठी उभा केलेला पहिला कॅथलिक उमेदवारही तोच.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा सारा कारभार त्याच्या हाती असतो. आपल्या मुख्यमंत्र्यांशी त्याची तुलना अधिक योग्य ठरेल.

आल्फ्रेड यांचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात, साउथ स्ट्रीटवरील एका साध्या घरात झाला. समोर ईस्ट नदीचा धक्का, त्यावर जगभरातून आलेली जहाजे आणि डोक्यावर त्या वेळी बांधला जात असलेला ब्रुकलिनचा प्रचंड पूल, अशा परिसरात त्यांचे बालपण गेले. वडील घोड्यांच्या मालगाड्या चालवीत. त्यांच्या घराण्यात इटालियन व जर्मन रक्त होते. आई कॅथरीन मलव्हिहिल ही आयरिश वंशाची. ज्यू, आयरिश, इटालियन, जर्मन, चिनी अशा नाना लोकांची ती वस्ती होती. त्या गर्दीत स्मिथ कुटुंबाचा आधार म्हणजे संत याकोबाचे चर्च आणि त्या चर्चची शाळा. आल्फ्रेड तेथे वेदीसेवक होते. पुढे त्याच धर्मग्रामाच्या हौशी नाट्यमंडळात ते रंगभूमीवर उभे राहिले. हजारोंच्या सभेला खिळवून ठेवणारा त्यांचा आवाज आणि अभिनय प्रथम घडला तो या चर्चच्या नाटकांतून.

१८८६ मध्ये वडील वारले. तेव्हा आल्फ्रेड बारा वर्षांचे होते. आई छत्र्यांच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली आणि थोड्याच काळात मुलाला शाळा सोडावी लागली. मालगाड्यांच्या मागे धावून निरोप पोहोचविण्यापासून त्यांनी सुरुवात केली. त्यानंतर फुल्टन मासळीबाजारात त्यांना नोकरी लागली. पहाटे अंधारात कामावर हजर व्हायचे, मासळीची पिंपे उतरवायची, हिशेब लिहायचा आणि आठवड्याला बारा डॉलर व घरी नेण्यापुरती मासळी घेऊन परतायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे विद्वानांच्या सभेत पदव्यांचा विषय निघाला की ते आपली पदवी फुल्टन मासळीबाजाराची असल्याचे हसत हसत सांगत. त्या विनोदात थोडी सलही असावी, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता वाटते.

त्या वस्तीत राजकारण म्हणजे टॅमनी हॉल. ही डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातील संघटना. गरिबाला कोळसा, बेकाराला नोकरी, मयताच्या घरी मदत हे सारे ती पुरवी आणि निवडणुकीत मते घेई. तिच्या इतिहासात लाचलुचपतीची काळी पाने पुष्कळ आहेत आणि ती झाकण्याचे कारण नाही. टॉम फोली नावाच्या एका स्थानिक पुढाऱ्याच्या हाताखाली तरुण स्मिथ या संघटनेत आले. १८९५ मध्ये त्यांना ज्यूरीसाठी नागरिकांना समन्स बजावणाऱ्या कार्यालयात नोकरी मिळाली. १९०० मध्ये त्यांनी कॅथरीन डन हिच्याशी विवाह केला. त्यांना पाच अपत्ये झाली. १९०३ च्या निवडणुकीत फोली यांनी त्यांना उमेदवारी दिली आणि १९०४ च्या जानेवारीत स्मिथ राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आमदार म्हणून दाखल झाले.

पहिली दोन वर्षे त्यांच्यासाठी मोठ्या मानहानीची होती. टेबलावर विधेयकांचा ढीग येऊन पडे आणि त्यातील कायद्याची भाषा त्यांना मुळीच उमगत नसे. पक्ष सांगेल तिकडे मत द्यायचे आणि गप्प बसायचे, एवढेच काम. आपण या जागेला लायक नाही, असे वाटून त्यांनी परत फिरण्याचाही विचार केला होता. मात्र ते परत फिरले नाहीत. रात्री इतर आमदार ऑल्बनीच्या मद्यालयांत रमलेले असताना स्मिथ आपल्या खोलीत बसून विधेयके ओळीओळीने वाचू लागले. एक विधेयक जुन्या कोणत्या कायद्यात बदल करते हे पाहण्यासाठी तो जुना कायदा काढायचा, त्यात आणखी एखाद्या कायद्याचा उल्लेख आला की तोही काढायचा. विशेष म्हणजे राज्याच्या खर्चाचे लांबलचक विधेयक, जे कोणीही वाचत नसे, ते त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. पैसा कोठे जातो हे ज्याला कळते त्याला सरकार कळते, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून ओळखले. काही वर्षांतच सभागृहात असा दिवस आला की एखाद्या तरतुदीबद्दल शंका निघाली तर दोन्ही बाजूंचे सदस्य स्मिथ यांच्याकडे पाहू लागले. १९११ मध्ये ते बहुमत पक्षाचे नेते झाले आणि राज्याच्या जमाखर्चावर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्षही. १९१३ मध्ये ते सभापती झाले.

तथापि, १९११ च्या प्रारंभापर्यंत स्मिथ हे एक हुशार पण पक्षाच्या शब्दाबाहेर न जाणारे आमदारच होते. त्यांना बदलले ते एका आगीने.

२५ मार्च १९११ या दिवशी, शनिवारी संध्याकाळी कामाची वेळ संपण्याच्या सुमारास, न्यूयॉर्कमधील ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. कारखाना एका दहा मजली इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरील बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. आगीच्या वेळी उतरण्यासाठी असलेला लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोहोचत नव्हत्या. वीस मिनिटांच्या आत सारे संपले. १४६ कामगार मरण पावले. त्यांपैकी बहुतेक तरुण मुली होत्या, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांनी त्यांना खिडक्यांतून उड्या टाकताना पाहिले. मृतांमध्ये नव्याने अमेरिकेत आलेल्या ज्यू व इटालियन कुटुंबांच्या मुली अधिक होत्या आणि लोअर ईस्ट साइडच्या कित्येक घरांत त्या रात्री रडारड चालू होती. हे स्मिथ यांचे शेजारी होते. मयताच्या घरी जाऊन बसण्याची रीत त्यांच्या वस्तीत होतीच. स्मिथही त्या घरी गेले आणि त्यांनी आईबापांचे दुःख जवळून पाहिले. कारखान्याच्या मालकांवर खटला झाला, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले.

या आगीनंतर राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सेनेटर रॉबर्ट वॅग्नर हे त्याचे अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष. वॅग्नर हेही गरीब स्थलांतरित घरातील आणि ऑल्बनीत स्मिथ यांचे सोबती होते. असे आयोग नेमले जातात, दोन-चार सभा होतात, अहवाल छापला जातो आणि कपाटात जातो. हा आयोग मात्र त्याला अपवाद ठरला. याचे मोठे श्रेय फ्रान्सिस पर्किन्स या तरुण समाजसेविकेला द्यावे लागेल. ट्रँगलची आग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. केवळ कागदावरची माहिती देऊन ती थांबली नाही. या राजकारण्यांना तिने हाताला धरून कारखान्यांत नेले. रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या, थकून गेलेल्या स्त्रियांची रांग तिने त्यांना दाखविली. भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यात पहाटे चार वाजता शेंगा सोलत बसलेली पाच-सहा वर्षांची मुले दाखविली. एका ठिकाणी कागदोपत्री आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट म्हणून नोंदलेली जागा होती. भिंतीतील त्या लहानशा भोकातून तिने वॅग्नर यांना रांगत जायला लावले. पलीकडे बर्फाने मढलेली लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीपासून कित्येक फूट वर संपत होती.

आयोगाने पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. त्यांतून पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत व कामाच्या वेळी त्यांना कुलूप नसावे, आगीची तालीम व्हावी, पाणी फवारणारी यंत्रणा असावी, धुण्यासाठी पाणी व शौचालये असावीत, लहान मुलांच्या व स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित असावेत अशा साध्या पण जीव वाचविणाऱ्या गोष्टी त्यांत होत्या. सात दिवसांत एक दिवस विश्रांती देण्याच्या कायद्यातून आपल्याला वगळावे, असा आग्रह डबाबंद मालाच्या कारखानदारांनी धरला. तेव्हा सभागृहात स्मिथ यांनी त्यांना थोडक्यात उत्तर दिले. शब्बाथ पाळण्याची देवाची आज्ञा आपण पुन्हा पुन्हा वाचली, पण डबाबंद मालाच्या कारखान्यांना सूट दिल्याचे त्यात कोठेही आढळले नाही, अशा आशयाचे ते भाषण होते. त्याची आठवण अमेरिकेत आजही काढली जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या दहा आज्ञा विधिमंडळात कशा उपयोगी पडतात, याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

१९१५ मध्ये राज्यघटनेच्या फेरविचारासाठी भरलेल्या परिषदेत मोठमोठ्या कायदेपंडितांच्या रांगेत स्मिथ बसले आणि सरकारी यंत्रणेच्या ज्ञानात ते कोणाला हार गेले नाहीत. त्या परिषदेने तयार केलेली घटना मतदारांनी फेटाळली. मात्र कारभार एकसूत्री करण्याची तिच्यातील कल्पना स्मिथ विसरले नाहीत. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कचे शेरीफ म्हणून निवडून आले. या पदावर फीच्या रूपाने मोठी कमाई होई आणि पाच मुलांच्या बापाला तिची गरज होती. १९१७ मध्ये ते शहराच्या नगरसभेचे अध्यक्ष झाले आणि १९१८ मध्ये, राज्यातील स्त्रियांनी प्रथमच गव्हर्नरपदासाठी मतदान केले त्या निवडणुकीत, सुमारे पंधरा हजार मतांच्या थोड्याशा आघाडीने ते गव्हर्नर झाले.

कायदे करणारा मनुष्य आता कायदे राबविणारा झाला. या दोन कामांतील अंतर स्मिथ यांना पहिल्याच महिन्यात जाणवले असावे. राज्याचा कारभार त्या वेळी १८७ निरनिराळ्या खात्यांत, मंडळांत आणि आयोगांत विखुरलेला होता. कित्येकांचे प्रमुख स्वतंत्रपणे नेमलेले वा निवडून आलेले असत आणि गव्हर्नरचे त्यांच्यावर नियंत्रण नसे. प्रत्येक खाते आपली मागणी थेट विधिमंडळाकडे नेई. राज्याला एकूण किती खर्च येणार आहे हे वर्ष संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसे. कारखान्यांसाठी केलेले सुंदर कायदे अशा यंत्रणेच्या हाती दिले तर ते कागदावरच राहतील, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी एक पुनर्रचना आयोग नेमला. त्याची सूत्रे बेल मॉस्कोविट्झ या ज्यू समाजसेविकेकडे होती आणि अभ्यासाचे काम रॉबर्ट मोझेस या तरुणाकडे. फ्रान्सिस पर्किन्स यांची त्यांनी औद्योगिक आयोगावर नेमणूक केली. त्या पदावर एका स्त्रीने बसावे, हे अनेक कारखानदारांना आणि काही स्वपक्षीयांनाही रुचले नव्हते.

त्यांची पहिली कारकीर्द दोनच वर्षांची ठरली. दरम्यान वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी त्यांच्यावर विखारी हल्ला केला. गोरगरिबांच्या मुलांना दूध मिळू नये म्हणून गव्हर्नर दूधविक्रेत्या कंपन्यांना सामील आहेत, असा तो आरोप होता. वास्तविक दुधाच्या दरावर गव्हर्नरचे नियंत्रणच नव्हते. ऑक्टोबर १९१९ मध्ये स्मिथ यांनी कार्नेगी सभागृह घेऊन हर्स्ट यांना समोरासमोर येण्याचे जाहीर आव्हान दिले. हर्स्ट आले नाहीत. स्मिथ एकटेच बोलले आणि बाळगोपाळांच्या नावाने केलेल्या त्या बदनामीची त्यांनी लक्तरे काढली. १९२० मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाची प्रचंड लाट आली. न्यूयॉर्क राज्यात त्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा लाखांहून अधिक मतांची आघाडी मिळाली, तर स्मिथ केवळ सुमारे ७५ हजार मतांनी पडले. पराभूत होऊनही त्यांचे वजन वाढले, ते यामुळे. दोन वर्षे त्यांनी एका मालवाहतूक कंपनीचा कारभार पाहिला. १९२२ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा बोलावले तेव्हा हर्स्ट यांना आपल्या जोडीने उमेदवारी देण्यास त्यांनी साफ नकार दिला. पुढाऱ्यांनी पुष्कळ आर्जवे केली, पण ते हलले नाहीत. अखेर हर्स्ट यांना दूर व्हावे लागले आणि स्मिथ मोठ्या बहुमताने निवडून आले. १९२४ व १९२६ मध्येही जनतेने त्यांनाच कौल दिला.

या चार कारकिर्दींत कनिष्ठ सभागृह सदैव विरोधी पक्षाच्या हाती होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कामाची अवघडता कळते. सभागृहाने एखादी योजना अडविली की ते थेट लोकांकडे जात. राज्याच्या जमाखर्चासारखा रुक्ष विषय ते गावोगावच्या सभांतून आणि नव्याने आलेल्या रेडिओवरून अशा रीतीने समजावून देत की दुकानदार आणि हमालही त्यावर बोलू लागत. त्यांच्या तोंडी भारदस्त भाषा नव्हती. आकडे होते, उदाहरणे होती आणि धक्क्यावरचा विनोद होता. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीला मान्यता दिली. तिचा तपशील ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद स्मिथ यांनी विरोधी पक्षाचे ज्येष्ठ नेते चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना दिले. यात त्यांचे राजकीय शहाणपण दिसते. स्वतः ह्यूज यांनी आखलेल्या योजनेला त्यांचा पक्ष विरोध तरी कसा करणार? १८७ विभागांच्या जागी १८ खाती आली आणि प्रत्येक खात्याची जबाबदारी निश्चित झाली. १९२७ मध्ये मतदारांनी आणखी एक दुरुस्ती मंजूर केली. तिच्यामुळे संपूर्ण राज्याचा अर्थसंकल्प गव्हर्नरने मांडण्याची पद्धत सुरू झाली.

याखेरीज मनोरुग्णालये व इतर संस्थांच्या इमारतींसाठी पाच कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले, राज्यभर सार्वजनिक उद्याने उभी राहिली, शाळांना मिळणारे सरकारी साहाय्य कित्येक पटींनी वाढले आणि १९२६ मध्ये गरिबांच्या घरांसाठी कायदा झाला. नद्यांच्या पाण्यापासून होणारी वीज खाजगी कंपन्यांच्या घशात जाऊ नये म्हणून ते सतत झगडले.

त्यांच्या एका वेगळ्या निर्णयाचीही नोंद घेतली पाहिजे. १९२० च्या जानेवारीत विधिमंडळाने समाजवादी पक्षाच्या पाच निर्वाचित आमदारांना बसूच दिले नाही. त्या काळी समाजवादी या शब्दाचीच धास्ती होती. स्मिथ हे त्या विचारसरणीचे विरोधक होते, तरी लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना हाकलण्याचा त्यांनी जाहीर निषेध केला. शिक्षकांच्या राजकीय निष्ठेची तपासणी करणारी विधेयके त्यांनी नकाराधिकार वापरून परत पाठविली. पुन्हा सत्तेवर येताच, केवळ मतांसाठी तुरुंगात गेलेले आयरिश कामगार पुढारी जिम लार्किन यांना १९२३ मध्ये त्यांनी माफी दिली.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडवट प्रकरणाकडे वळू. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन न्यूयॉर्कमध्ये भरले. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्मिथ यांचे नाव पुढे आले. त्या काळी कु क्लक्स क्लॅन ही संघटना केवळ कृष्णवर्णीयांच्याच नव्हे, तर कॅथलिकांच्या व ज्यूंच्याही विरोधात देशभर फोफावली होती. तिचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव अधिवेशनात जेमतेम एका मताच्या फरकाने पडला. उमेदवारीसाठी १०३ वेळा मतदान घ्यावे लागले आणि शेवटी स्मिथ यांना बाजूला व्हावे लागले.

१९२७ मध्ये चार्ल्स मार्शल नावाच्या वकिलाने एका प्रतिष्ठित मासिकातून त्यांना अनावृत पत्र लिहिले. कॅथलिक मनुष्य चर्चची आज्ञा आणि देशाची घटना या दोन्हींशी एकाच वेळी निष्ठावंत कसा राहू शकेल, असा त्याचा प्रश्न होता. मार्शल यांनी पोपमहोदयांच्या अनेक परिपत्रांचे दाखले दिले होते. असे सांगतात की, पत्र वाचून स्मिथ यांनी परिपत्र म्हणजे काय असते, असा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांना केला. आयुष्यभर मिस्साबलिदानाला जाणाऱ्या आणि आपल्या मुलांना श्रद्धेत वाढविणाऱ्या या प्रापंचिकाला अशा दस्तऐवजांची गरज कधी पडलीच नव्हती. उत्तर तयार करताना जोसेफ प्रॉस्काउअर या ज्यू न्यायाधीशांनी आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांबरोबर आघाडीवर गेलेल्या फादर फ्रान्सिस डफी यांनी त्यांना मदत केली. इतक्या वर्षांच्या कारभारात श्रद्धा आणि शपथ यांच्यात आपल्याला कधी संघर्ष जाणवला नाही, चर्च आणि राज्य यांच्या अलगपणावर आपला पूर्ण विश्वास आहे आणि सर्व धर्मांना कायद्यापुढे समान स्थान असावे असे आपण मानतो, हा त्या उत्तराचा गाभा होता. आपल्या मंत्रिमंडळात कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंट कितीतरी अधिक असल्याचेही त्यांनी दाखवून दिले. स्मिथ हे सरकारात कॅथलिकांची भरती करतील, अशी भीती घालणाऱ्यांनी मॉस्कोविट्झ, मोझेस, पर्किन्स आणि ह्यूज ही नावे पाहिली नव्हती, असेच म्हणावे लागते. यांपैकी एकही व्यक्ती कॅथलिक नव्हती.

१९२८ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. मग अपप्रचाराला ऊत आला. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये नदीखालून नुकत्याच खोदलेल्या हॉलंड बोगद्याच्या उद्घाटनाचे छायाचित्र दाखवून, हा बोगदा थेट व्हॅटिकनपर्यंत जाणार आहे, अशी अफवा पसरविण्यात आली. आज आपल्याला हसू येईल, पण त्या वेळी ती खरी मानणारे लोक होते. सप्टेंबरमध्ये त्यांची आगगाडी ओक्लाहोमा शहराकडे जात असता रुळांच्या कडेला क्लॅनने पेटविलेले क्रूस त्यांना दिसले. ज्या चिन्हापुढे ते बालपणी वेदीसेवक म्हणून गुडघे टेकत, तेच चिन्ह त्यांना धमकावण्यासाठी जाळले जात होते. त्याच शहरात त्यांनी धार्मिक द्वेषावर उघड भाषण केले. सल्लागारांपैकी काहींना हा विषय टाळावा असे वाटत होते.

निकाल निराशाजनक होता. हर्बर्ट हूव्हर यांना ४४४ निर्वाचक मते मिळाली व स्मिथ यांना ८७. स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही त्यांच्या हातून गेले. हा पराभव केवळ धर्मामुळे झाला, असे म्हणणे बरोबर नाही. देशात त्या वर्षी सुबत्ता होती, सत्ताधाऱ्यांविरुद्ध रोष नव्हता. शिवाय स्मिथ दारूबंदीचे विरोधक, टॅमनीचे शिष्य आणि न्यूयॉर्कच्या गल्लीतील उच्चार करणारे. खेड्यापाड्यांतील अमेरिकेला ते परके वाटले. मात्र दक्षिणेतील जी राज्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पक्षाला मत देत आली होती, त्यांपैकी पाच राज्ये या वेळी फिरली. या ठिकाणी धर्माचा वाटा नाकारता येत नाही. दुसरीकडे मोठ्या शहरांतील स्थलांतरित कामगारांनी त्यांना भरभरून मते दिली आणि पुढील निवडणुकांत त्यांच्या पक्षाचा तोच पाया ठरला.

स्मिथ यांच्याच आग्रहावरून फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नरपदासाठी उभे राहिले व थोड्या मतांनी निवडून आले. नव्या गव्हर्नरने मॉस्कोविट्झ व मोझेस यांना आपल्या जवळ ठेवावे, अशी स्मिथ यांची इच्छा होती. रूझवेल्ट यांनी ती मानली नाही आणि जुन्या स्नेहात अढी पडली. स्मिथ यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्षपद स्वीकारले. १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांची ती इमारत खुली झाली तेव्हा त्यांच्या नातवंडांनी फीत कापली. परंतु मंदीमुळे तिचे कित्येक मजले वर्षानुवर्षे रिकामे राहिले. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांनी उमेदवारीत त्यांच्यावर मात केली. नंतर श्रीमंत उद्योगपतींच्या संगतीत स्मिथ यांनी रूझवेल्ट यांच्या धोरणांवर कडाडून टीका केली आणि १९३६ मध्ये चक्क विरोधी पक्षाला पाठिंबा दिला. त्यांच्या चाहत्यांना हे समजणे कठीण गेले, आणि आजही जाते. कारण ज्या कामगार कायद्यांवर ते टीका करीत होते, ते घडविणारी माणसे त्यांच्याच शाळेत शिकलेली होती. फ्रान्सिस पर्किन्स या १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या आणि १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा रॉबर्ट वॅग्नर यांच्याच नावाने ओळखला जातो. दुखावलेला अभिमान माणसाला कोठे नेतो, याचे उत्तर या प्रकरणात शोधावे, असे मला वाटते. तरीही एका बाबतीत त्यांची दृष्टी अखेरपर्यंत स्वच्छ राहिली. हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोनच महिन्यांनी, १९३३ च्या मार्चमध्ये, ज्यूंच्या छळाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या विराट सभेत ते बोलले आणि १९३८ मध्ये ज्यूंच्या घरादारांवर हल्ले झाले तेव्हा रेडिओवरून पुन्हा त्यांनी आवाज उठविला.

म्हातारपणी त्यांचे घर सेंट्रल पार्कसमोर होते. उद्यानप्रमुख झालेल्या मोझेस यांनी १९३४ मध्ये त्यांना तेथील प्राणिसंग्रहालयाचे मानद रात्र-अधीक्षक केले आणि किल्ल्या दिल्या. प्राण्यांची त्यांना लहानपणापासून आवड होती. रात्री जेवणानंतर ते एकटे किंवा पाहुण्यांसह फाटक उघडून आत जात आणि जनावरांशी गप्पा मारीत.

मे १९४४ मध्ये पत्नी कॅथरीन निवर्तल्या. त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९४४ रोजी, स्मिथ यांनी देह ठेवला. संत पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांचे पार्थिव दर्शनासाठी ठेवण्यात आले. प्रापंचिकाला हा मान क्वचितच लाभतो. क्वीन्स भागातील कॅल्व्हरी दफनभूमीत, पत्नीशेजारी त्यांना विसावा मिळाला. पुढच्याच वर्षी आर्चबिशप स्पेलमन यांनी त्यांच्या स्मरणार्थ मेजवानीची प्रथा सुरू केली. १९६० च्या मेजवानीत जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन एकत्र बसले आणि तीन आठवड्यांच्या आत केनेडी अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष म्हणून निवडून आले. साउथ स्ट्रीटवरील त्या जुन्या घरापासून जवळच, ब्रुकलिन पुलाच्या कडेला, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या सरकारी इमारतींची एक मोठी वसाहत आहे. तिला आल्फ्रेड स्मिथ यांचे नाव दिलेले आहे.